नो अदर चॉइस, पॅरासाइट वगैरे: हसायचं नक्की कोणाला?

मधलीखोली: काल नो अदर चॉइस बघितला, पार्क चान-वूकचा कोरियन सिनेमा, २०२५ चा. कागदाच्या कंपनीत २५ वर्षं घासलेला माणूस, कंपनी अमेरिकन लोकांनी घेतली आणि ह्याला नारळ. मग घर विकायची पाळी, कुत्री सासुरवाडीला पाठवली, नेटफ्लिक्स पण बंद, आणि शेवटी हा ठरवतो की आपल्याच लाईनमधले जे नोकरी गेलेले लोक आपल्यापेक्षा वरचढ आहेत त्यांनाच उडवायचं म्हणजे नोकरी आपली. लोक खदखदून हसत होते. मला नाही जमलं. काढणारे मजेत आणि बेकार बेकाराला मारतोय, पॅरासाइट ह्या दुसऱ्या कोरियन सिनेमात पण तेच, श्रीमंताच्या तळघरात लपलेला गरीब विरुद्ध अर्ध्या तळघरात, म्हणजे अर्धी जमिनीखाली असलेल्या खोलीत, राहणारं गरीब किम कुटुंब. श्रीमंत प्रेक्षकाला बरंच आहे की, अंगाला काही लागत नाही.

खारी_बटर: अहो पण गोम तीच आहे ना! मालकापर्यंत ह्यांचा हात पोचतच नाही, शेजाऱ्यापर्यंत पोचतो. पॅरासाइटमध्ये एक गोष्ट पटकन निघून जाते बघा. किम बाबा आणि तळघरात लपलेला तो मोलकरणीचा नवरा, दोघांचंही तैवानी केकचं दुकान बुडालेलं. तिकडे नोकरी गेली की मिळालेले पैसे घालून चिकनचं नाहीतर कॅफेचं दुकान टाकायचं आणि वर्षा-दोन वर्षांत शटर खाली, हे इतकं कॉमन आहे की कोरियन माणसाला तो एक उल्लेख पुरतो. १९९७ ला नाणेनिधीकडे हात पसरावे लागले तेव्हापासूनची ही भळभळ आहे, त्या काळाला ते नुसतं 'आयएमएफ' म्हणतात. एवढं सगळं गंभीर तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही मध्यंतरातच उठला असता.

मधलीखोली: मध्यंतराचं सोडा. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलला पाऊस झाला, तसल्याच अर्ध्या तळघरात पाणी शिरून एका घरातली तीन माणसं गेली. सिनेमा २०१९ चा. ऑस्कर मिळालं, टाळ्या झाल्या, खोल्या तिथेच. आता तो पुराचा सीन विनोदी म्हणून बघून दाखवा.

खारी_बटर: ऑस्करने गटारं दुरुस्त होत नाहीत हो, ते सिनेमाच्या माथी का मारताय? आणि तो सीन विनोदी नाहीच. कमोडमधून घाण पाणी उसळतंय, ती किमांची पोरगी झाकणावर बसून ते दाबून धरते आणि सिगरेट पेटवते. मी हसलो आणि लगेच ओशाळलो. एवढं करवून घेतलं तरी बास.

बेंचवरचा: मधे पडतो. मी ४६ व्या वर्षी घरी बसलोय, आठ महिने झाले, कंपनीचं नाव जाऊ दे. नो अदर चॉइसमध्ये तो पहिल्याला मारायला जातो, गोळीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गाणं फुल्ल लावतो, आणि मग दोघं त्या आवाजात एकमेकांवर ओरडतायत. हा बापाचं जुनं पिस्तूल रोखून त्यालाच झापतोय, तुझी बायको सांगत होती तर दुसरं काहीतरी करायचं होतंस ना! स्वतः कागद सोडून काही करायला तयार नाही तो. मी इतका हसलो की बायको किचनमधून बघायला आली, आणि गेल्याच आठवड्यात ती मला क्लासेस काढा म्हणत होती. त्यामुळे ज्याचं जळतं त्याला हसू येत नाही हे मला नका सांगू.

मधलीखोली: सॉरी दादा, तुमच्याबद्दल नव्हतं. पण तरी म्हणेन की तुम्ही हसलात ते वेगळं आणि माझ्या मागच्या रांगेतले हसले ते वेगळं.

बेंचवरचा: असेल. मागच्या महिन्यात इंटरव्ह्यूला गेलो तर बाहेर खुर्च्यांवर आम्ही सहा जण, सगळे साधारण एकाच वयाचे, केस काळे केलेले. शेजारच्याने फॉर्म भरायला पेन मागितलं. दिलं.

खारी_बटर: परत दिलं का त्याने?

बेंचवरचा: नाही. नोकरी पण त्यालाच लागली.