चर्चा: काही देश जगाच्या व्यापाराबाहेर का राहतात? भूगोल की राज्यकर्ते?

वाटसरू (धागाकर्ता)

समुद्रकिनारा नाही म्हणून देश मागे राहतो, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. मला ते पटत नाही. एरिट्रिया बघा. तांबड्या समुद्राला लागून लांबलचक किनारा, मसावा आणि असाब अशी दोन बंदरं, समोरून सुएझकडे जाणारी जहाजं. तरी देश जगापासून तुटलेला. १९९३ साली स्वतंत्र झाल्यापासून एकच राष्ट्राध्यक्ष, राष्ट्रीय निवडणूक एकदाही नाही आणि तरुणांच्या मागे कधी संपेल याचा नेम नसलेली राष्ट्रीय सेवा. बंदर आहे, पण माल पिकवणारे, बनवणारे हात सरकारनेच अडकवून ठेवलेत.

उलट बोट्सवाना चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला. १९६६ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा जगातल्या अगदी गरीब देशांपैकी एक. पुढे हिरे सापडले आणि तो पैसा शाळा, दवाखाने, रस्ते यांत गेला. माझं स्पष्ट मत आहे की कडी बहुतेक वेळा आतून लावलेली असते.

रोखठोक

साफ असहमत. या वादात बोट्सवाना हमखास काढला जातो, पण हिरे विमानाने जातात! कापूस, तीळ, सिमेंट विमानाने नेऊन परवडत नाही.

चाडचं उदाहरण घ्या. त्यांचा बराचसा माल कॅमेरूनच्या दुआला बंदरात उतरतो. तिथून राजधानी एन्जामेना सुमारे १,८०० किलोमीटर. आधी बंदरात खोळंबा, मग परक्या देशातून माल नेण्याची कागदपत्रं आणि हमी. काही माल न्गाऊंदेरेपर्यंत रेल्वेने जातो आणि तिथे पुन्हा ट्रकवर चढवावा लागतो. पुढे रस्ताभर पोलीस, कस्टम्स, नाके, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी द्यावं लागतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. हा सगळा खर्च अंगावर घेऊन तिथला कारखानदार कुणाशी स्पर्धा करणार?

दक्षिण सुदानचं तेल शेजारच्या सुदानमधल्या पाइपलाइननेच समुद्रापर्यंत पोचतं. भाड्यावरून वाद पेटला आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी उत्पादनच थांबवलं. वर्षाहून जास्त काळ देशाचं मुख्य उत्पन्न बंद. शेजारी कुणाला निवडता येत नाही.

वाटसरू

रोखठोक, तुमचं चाडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या रस्त्यावरच्या मालाची वाटणी करारानेच ठरलेली आहे: ६५ टक्के चाडच्या ट्रकमालकांना, ३५ टक्के कॅमेरूनच्या. नंबर लावायचा, पाळी आली की माल उचलायचा. मग भाडं कमी करायची गरज कुणाला? हा नियम वाळवंटाने केला नाही, दोन सरकारांनी केलाय. रवांडालाही किनारा नाही, पण १९९४ नंतर तिथे ट्रकवाहतूक खुली केली आणि भाडी चांगलीच उतरली.

रोखठोक

वाटणीचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण ती उद्या रद्द केली तरी १,८०० किलोमीटर तेवढेच राहतात.

हिशेबनीस

तुम्ही दोघंही ट्रक आणि बंदरांतच अडकलात. पैसा कसा फिरतो तेही बघा. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर सर्वांत लांब किनारा सोमालियाला आहे. शेळ्या-मेंढ्या बोटीने आखाती देशांत जातात, म्हणजे माल आणि गिऱ्हाईक दोन्ही आहे.

पण डॉलरमधला व्यवहार करायचा तर तुमच्या बँकेचं खातं बाहेरच्या मोठ्या बँकेत लागतं. दहशतवाद्यांचा पैसा चुकून आपल्यातून गेला तर जबर दंड बसेल, ही त्या मोठ्या बँकेला धास्ती. आणि अशा देशांकडून मिळणारी कमाई किती? नगण्य. मग चौकशी करत बसण्यापेक्षा खातंच बंद करणं तिला सोपं पडतं. २०१३ ते २०१५ च्या दरम्यान ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या बँकांनी सोमालियाला पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांची खाती अशीच बंद केली. घरखर्चासाठी त्याच पैशांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांनी कुठला गुन्हा केला होता? यात ना भूगोल, ना त्यांचं सरकार. निर्णय हजारो किलोमीटरवर झाला, आणि तोही त्यांचं तोंड न बघता. मला याचा मनापासून राग येतो.

काठावरून

मुळात हे देश ‘बाहेर’ आहेत हेच मला मान्य नाही. जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी बहुतांश एकट्या काँगोतून येतं. नायजरच्या युरेनियमवर फ्रान्सने वर्षानुवर्षं वीज केली. जोडलेले आहेत, पण फक्त कच्चा माल देण्यापुरते. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी जागतिक व्यापार संघटनेत एकत्र येऊन सांगितलं की श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना देत असलेल्या अनुदानामुळे आमच्या कापसाचा भाव पडतो. कडी आतून होती की बाहेरून, वाटसरू?

वाटसरू

अनुदानाबद्दल तुमचं बरोबर आहे, तो उघड अन्याय आहे. तरीही व्हिएतनाम बघा. युद्धाने उद्ध्वस्त झालेला, वर अमेरिकेची व्यापारबंदी. १९८६ साली त्यांनी धोरण बदललं, शेती आणि धंदा मोकळा केला. बंदी उठली १९९४ मध्ये. म्हणजे बाहेरचे बदलायची वाट न बघता आठ वर्षं आधी सुरुवात त्यांनीच केली.

रोखठोक

आणि किनारा ३,००० किलोमीटरहून लांब, बाजूला वेगाने वाढणारा चीन. व्हिएतनामने हिंमत केली, तिला सलाम. पण चाडच्या शेजारी लिबिया आणि सुदान आहेत. एन्जामेनात उद्या कितीही शहाणं सरकार आलं तरी तिथली युद्धं थांबवणं त्याच्या हातात नाही.