परस्परविरुद्ध विषे, मग दोन्हींमध्ये स्नायू लुळेच का पडतात?

मूळ प्रश्न

क्युरारे हे विष स्नायूंवरील ग्राहींवर (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांवर) ठाण मांडते आणि चेतातंतूचा संदेश स्नायूकडे नेणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाला तेथे बसू देत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके नेमके उलट करतात; ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकरच (एन्झाइम) ती निकामी करतात, त्यामुळे ॲसिटिलकोलीन साचत जाते. एकात संदेश पोहोचत नाही, दुसऱ्यात तो संपत नाही. तरीही दोन्हींचा शेवट श्वसनाचे स्नायू लुळे पडण्यात होतो, असे वाचले. पहिले कळते, परंतु संदेश वाढल्यावर स्नायू आखडून राहायला हवेत ना?

प्रतिसाद १

तुमचा तर्क पहिल्या टप्प्यापुरता बरोबर आहे. अशा विषबाधेत सुरुवातीला स्नायूंत थरथर आणि बारीक झटके दिसतात, लुळेपणा नंतर येतो. चेतातंतूचे टोक आणि स्नायूपेशी यांच्यामधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पुष्कळ लहान असते. ॲसिटिलकोलीन ती ओलांडून ग्राहीवर बसले की सोडियमचे आयन आत शिरतात, पेशीच्या पटलावरील विद्युतभार उलटतो आणि शेजारच्या, विद्युतदाबावर उघडणाऱ्या सोडियम वाहिन्या (पटलातील आयनांची दारे) तो संदेश पुढे नेतात. मात्र या वाहिन्या क्षणभर उघडून लगेच मिटतात, आणि पटल मूळ स्थितीत आल्याशिवाय पुन्हा उघडण्यायोग्य होत नाहीत. ॲसिटिलकोलीन हटलेच नाही, तर पटल मूळ स्थितीत येत नाही आणि वाहिन्या मिटलेल्याच राहतात; शिवाय सतत उत्तेजित राहिलेले ग्राहीही हळूहळू प्रतिसाद देईनासे होतात. दाराची घंटा कोणी दाबून धरली, तर नंतर आलेल्या दुसऱ्या पाहुण्याची वर्दी मिळणार नाही, तसेच हे आहे. ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू फोडतो; ही घाई निसर्गाने उगाच केलेली नाही.

भूल देताना वापरले जाणारे सक्सिनिलकोलीन याच, म्हणजे सततच्या उत्तेजनाच्या मार्गाने काम करते. ते दिल्यावर आधी अंगभर बारीक झटके येतात आणि मग स्नायू सैल पडतात.

प्रतिसाद २

वरील विवेचन सांगाड्याच्या स्नायूंपुरते आहे, हे लक्षात ठेवावे. ॲसिटिलकोलीन हृदयाची गती मात्र कमी करते. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये एका बेडकाच्या हृदयाकडे जाणारा व्हेगस हा चेतातंतू उत्तेजित केला आणि त्या हृदयाभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले, तेव्हा दुसऱ्या हृदयाचे ठोकेही मंदावले. या संशोधनाबद्दल 1936 चे नोबेल पारितोषिक त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळाले. रेणू तोच असला, तरी हृदयातील ग्राही वेगळे, मस्कॅरिनिक प्रकारचे आहेत. ते स्वतः वाहिनी नसून पेशीतील मध्यस्थ प्रथिनामार्फत पोटॅशियमच्या वाहिन्या उघडवतात. त्यामुळे “हे रसायन उत्तेजक की शामक?” हा प्रश्नच मला अपुरा वाटतो, कोणत्या ग्राहीवर, हे आधी विचारावे.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. मग या विषबाधेवर ॲट्रोपीन दिले की स्नायूंचा लुळेपणाही ओसरतो का?

प्रतिसाद २

नाही. ॲट्रोपीन मस्कॅरिनिक ग्राहीच अडवते, त्यामुळे मंदावलेले हृदय, लाळ आणि श्वासनलिकेत साचणारा स्राव यांवर ते उपयोगी पडते. स्नायूंवरील निकोटिनिक ग्राहींना ते पुरेसे स्पर्शही करत नाही. तेथे प्रालिडॉक्झिमची योजना असते. ते विकराला चिकटलेला विषाचा अंश सोडवते, परंतु वेळ गेली की तो बंध पक्का होऊन जातो आणि मग या औषधाचा उपयोग होत नाही.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. विकराला काही काळ रोखणारे निओस्टिग्मीन हे औषधही आहे, आणि क्युरारेसारख्या भुलीच्या औषधांचा परिणाम उतरवण्यासाठी ते दिले जाते: साचलेले ॲसिटिलकोलीन ग्राहींवरील जागा परत मिळवते. त्यासोबत ॲट्रोपीन किंवा तत्सम औषध द्यावे लागते ते हृदय मंदावू नये म्हणून. सक्सिनिलकोलीनच्या बाबतीत मात्र हेच निओस्टिग्मीन लुळेपणा लांबवू शकते, आणि त्याचे कारण पहिल्या प्रतिसादात आलेच आहे.