विषय: अडकलेला पेट्रोल फिल्टर नळी न मोडता कसा काढावा?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

माझ्या गाडीचा पेट्रोल फिल्टर मी घरीच बदलायला घेतला आहे. तो गाडीच्या पोटाखाली, टाकीच्या थोडा पुढे आहे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले आणि मग बॅटरीची काळी तार सोडवली. टाकीकडची जोडणी सहज सुटली. इंजिनकडची मात्र क्लिप सोडवण्याचे प्लास्टिकचे कडे आत घालूनही जागची हलत नाही. नळी नायलॉनची असल्यामुळे जोर लावायला धीर होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

—

ताई, नमस्कार.

जोर लावला नाहीत हे उत्तम झाले. या जोडणीत क्लिपचे दात फिल्टरच्या तोंडावरील फुगीर उंचवट्यामागे अडकलेले असतात, आणि आतली रबरी ओ-रिंग वर्षानुवर्षे एकाच जागी बसून धातूला चिकटलेली असते. त्यात रस्त्यावरची माती दातांमागे घट्ट बसली की दातांना फाकायला जागाच उरत नाही, आणि अशा वेळी नळी ओढली तर दात त्या उंचवट्यावर अधिकच आवळून बसतात. म्हणून आधी ओढायचे नाही, तर नळी फिल्टरच्या दिशेने आत दाबायची.

त्याआधी जोडणी ब्रशने आणि हवेच्या फवाऱ्याने स्वच्छ करा, गंज सैल करणारे तेल फटीत सोडा आणि ते मुरू द्या. मग नळी आत दाबून धरून फिल्टर डावी-उजवीकडे थोडाथोडा फिरवा. सुरुवातीला तो अजिबात दाद देत नाही. एकदा हलकासा ‘टक’ असा आवाज येऊन तो मोकळा फिरू लागला की ओ-रिंग सुटली असे समजावे. त्यानंतरच कडे पूर्ण आत सारा आणि ते दाबून ठेवूनच नळी सरळ रेषेत मागे घ्या; तिरकी ओढल्यास एक बाजू पुन्हा अडकते.

आणखी एक शंका येते. एकाच फिल्टरची दोन तोंडे पुष्कळदा वेगवेगळ्या मापांची असतात. ८ आणि १० मिलिमीटरच्या आसपासची मापे सर्रास आढळतात. टाकीकडे चाललेले कडे इंजिनकडे चालेलच असे नाही. ते आत गेल्यासारखे वाटते, पण दातांपर्यंत पोहोचतच नाही. माप ताडून पाहा, आणि प्लास्टिकच्या कड्याची धार बोथट झाली असेल तर धातूचे वापरा.

इतके करूनही सुटले नाही, तर फिल्टरचा बळी द्या, नळीचा नको. फिल्टर तसाही टाकूनच द्यायचा आहे. तो आधी भांड्यात रिकामा करा, कारण त्यात बरेच पेट्रोल शिल्लक असते. मग त्याचे धातूचे तोंड जोडणीपासून शक्य तितके दूर, हाताने फिरवायच्या पाइप कटरने कापा. वजनदार डबा गेला की उरलेला तुकडा पकडीत धरून फिरवणे फार सोपे जाते. ग्राइंडर किंवा आच देणारे काहीही जवळ आणू नका. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या सुमारासही पेट घेऊ शकते, आणि हवेपेक्षा जड असल्याने ती नेमकी आपण आडवे पडतो तिथेच साचते. दिवाही जुन्या काचेच्या बल्बचा नको.

—

दोघांनाही नमस्कार. याच विषयाला जोडून विचारतो: आमच्या जुन्या गाडीत क्लिप नाही, लोखंडी नळीवर आट्यांचा नट आहे आणि त्याचे कोपरे गोल होऊ लागले आहेत. तिथे काय करावे?

—

तिथे साधा उघड्या तोंडाचा पाना ताबडतोब बाजूला ठेवावा. नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा, फक्त नळीपुरती फट असलेला फ्लेअर नट पाना घ्या, आणि दुसऱ्या पान्याने फिल्टरचा षटकोन घट्ट धरा. तसे न केल्यास नट फिरण्याऐवजी नळीच पिळवटते. आधी किंचित आवळून मग सोडवल्यास गंजाची पकड लवकर सुटते. षटकोनाखाली वॉशर असतील, तर ते जुने पुन्हा वापरू नयेत.

—

काका, आपली शंका खरी ठरली. इंजिनकडचे तोंड लहान मापाचे निघाले, आणि योग्य कडे आणल्यावर नळी विनासायास सुटली. कापण्याची वेळ आली नाही. आता नवा फिल्टर बसवल्यावर लगेच इंजिन सुरू करावे का?

—

लगेच नको. फिल्टरवरील बाणाचे टोक इंजिनकडे आहे ना, ते पाहा. नळ्या ‘खट’ आवाज येईपर्यंत आत सारा आणि प्रत्येक नळी एकदा हलकेच ओढून खात्री करा. फ्यूज व बॅटरीची तार जोडल्यावर इंजिन सुरू न करता चावी दोन-चार वेळा ‘ऑन’वर न्या, म्हणजे पंप प्रत्येक वेळी क्षणभर चालून दाब भरेल. बहुतेक पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांत हा दाब ३ ते ४ बार असतो, त्यामुळे जोडणी कच्ची बसली असेल तर ओल लगेच दिसते. दोन्ही टोकांभोवती कोरडा कागद फिरवून पाहा. तो कोरडा राहिला तरच इंजिन सुरू करा, आणि ते चालू असताना चाकांजवळ उभे राहून पुन्हा एकदा खाली नजर टाका. गाडीखाली मात्र त्या वेळी शिरू नका.