मदत हवी आहे: टाके घालणारा हात सेन्सरने मोजायचाय

नमस्कार मंडळी, मी नागपुरात सर्जरीचं पीजी करतोय. टाक्यांच्या सरावाला सर 'हात अजून बसला नाही' एवढंच म्हणतात. नेमकं कुठे अडतंय ते कळत नाही. टोरांटोची १९९७ ची ओसॅट्स, म्हणजे शिकाऊ सर्जनचं काम बघून कौशल्याला गुण द्यायची पद्धत, चांगलीच आहे, पण तिला शेजारी उभं राहून बघणारा अनुभवी सर्जन लागतो. ओपीडीच्या गर्दीत तेवढा वेळ कुणाकडे?

म्हणून दोन्ही हातांवर, ग्लोव्हजच्या आत, छोटे आयएमयू सेन्सर (त्वरण आणि फिरण्याचा वेग मोजणारे) लावून हालचालींची संख्या, वेळ आणि सफाई मोजायचीय. पण त्वरणावरून अंतर काढताना चूक सेकंदागणिक वाढत जाते. अंतर सोडून फक्त फिरण्याचा वेग आणि झटके पाहिले तर चालेल का? सेन्सर मनगटावर बरा की तर्जनीवर? इथल्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजातलं कुणी जाणकार असेल तर कृपया सांगा. सराव फोमच्या पॅडवरच आहे, रुग्णावर नाही.