बाल न्याय मंडळाच्या इमारतीचा ठेका स्थायी समितीपुढे आला तर गोषवाऱ्यात काय तपासायचं?

प्रभाग_समन्वयक, ठाणे

गुन्ह्याचा आरोप असलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं बाल न्याय मंडळ चालवतं. ठाणे जिल्ह्याचं हे मंडळ भिवंडीच्या निरीक्षण गृहात (चौकशीच्या काळात अशी मुलं ठेवतात तिथे) बसतं. मुंब्रा, दिवा, ऐरोली, बेलापूर, कुठूनही पालकांना तिथवरच जावं लागतं. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेने आपल्या भूखंडावर मंडळासाठी इमारत बांधायला घेतली आणि निविदा मान्यतेसाठी स्थायी समितीपुढे आली, तर सदस्याने काय बघायचं? गोषवाऱ्यात, म्हणजे विषयासोबत सदस्यांना मिळणाऱ्या टिपणात, बहुधा कामाचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, निविदाकारांचा तुलनात्मक तक्ता आणि सर्वांत कमी दर किती टक्के वर किंवा खाली, एवढंच असतं. नकाशा जोडलेला नसतो. दराची चर्चा होते आणि विषय मंजूर होतो. इमारत कशी असावी याबद्दल कायदा काही सांगतो का? आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) निघाल्यावर नेमकं कुठे अडतं? कलमासकट सांगितलंत तर सदस्यांना टिपण देता येईल.

काळाकोट_कोर्टनाका

कायदा बरंच सांगतो, आणि निविदा काढणाऱ्या बांधकाम विभागाच्या टेबलावर नेमकं तेच नसतं.

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७ म्हणतं की बैठकीची जागा मुलाला धाक वाटेल अशी नको आणि नेहमीच्या न्यायालयासारखी दिसता कामा नये. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम ६ आणखी स्पष्ट आहे. मंडळाने निरीक्षण गृहाच्या आवारात, त्याच्या जवळपास किंवा विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकांसाठीच्या संस्थेतल्या योग्य जागेत बसायचं. न्यायालयाच्या किंवा तुरुंगाच्या आवारात कोणत्याही परिस्थितीत बसायचं नाही. सदस्यांसाठी उंच चौथरा नको, साक्षीदाराचा पिंजरा नको, मुलाच्या आणि मंडळाच्या मध्ये गज किंवा कठडा नको. समोरासमोर बसून बोलता आलं पाहिजे. महाराष्ट्राचे २०१८ चे नियम आहेत, तेही सोबत ठेवा.

म्हणून पहिला प्रश्न दराचा नाही, भूखंडाचा विचारा. कोर्टाच्या आवारातली मोकळी जागा सोयीची वाटते, पण ती नियमातच बसत नाही. दुसरं, निरीक्षण गृह भिवंडीत राहणार आणि इमारत घोडबंदरला होणार असेल, तर ती नियमातल्या ‘जवळपास’मध्ये बसते का हा प्रश्न आहेच, शिवाय प्रत्येक तारखेला मुलांना गाडीने, सोबत माणसं देऊन आणावं लागेल. माजिवड्याची किंवा गायमुखची कोंडी ठाणेकरांना सांगायला नको. मंडळाने कामाच्या प्रत्येक दिवशी किमान सहा तास बसायचं हाही नियमच आहे. मुलं वेळेवर पोचलीच नाहीत तर ते तास रिकामे जाणार.

तिसरं, काही प्रस्तावांत मंडळ आणि बाल न्यायालय यांची सरमिसळ होते. मंडळात एक प्रधान दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला. बाल न्यायालय सत्र न्यायालयाच्या पातळीचं असतं. १६ वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर कलम १५ खालच्या प्राथमिक मूल्यमापनानंतर मंडळ ते प्रकरण तिकडे पाठवू शकतं. प्रशासकीय मान्यता कोणत्या यंत्रणेच्या इमारतीला आहे ते वाचा, कारण त्यावरच खोल्या, कर्मचारी आणि निधी देणारं खातं ठरतं.

डीएसआर_आणि_मोजमाप_पुस्तिका

वकीलसाहेबांनी सांगितलेलं सगळं परिमाण पत्रकात (निविदेतल्या कामाच्या बाबी आणि मापांच्या यादीत) उतरलंय का, हे शोधायचं काम आपलं. २०१६ च्या नियमांतल्या निरीक्षण गृहाच्या तक्त्यात मंडळ किंवा बाल कल्याण समितीसाठी प्रत्येकी ३०० चौरस फुटांच्या दोन खोल्या धरल्या आहेत. स्वतंत्र इमारतीत तेवढ्यावर भागत नाही. परिवीक्षा अधिकारी, समुपदेशन, विधी सेवेचा वकील आणि कुलूपबंद अभिलेख यांना खोल्या लागतात. बालकाचे पालक आणि तक्रारदार पक्ष यांच्यासाठी दोन वेगळे प्रतीक्षा कक्ष हवेत आणि त्यांची स्वच्छतागृहंही वेगळी हवीत. एकच लॉबी ठेवली की दोन्हीकडचे नातेवाईक समोरासमोर येतात. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने बंदी आहे, त्यामुळे गाडी थेट आतल्या पोर्चमध्ये लागावी आणि ते दार रस्त्यावरून दिसू नये.

आता हमखास चुकणारी बाब. सुनावणीच्या खोलीची भिंत अंदाजपत्रकात जिप्सम पार्टिशन म्हणून धरतात आणि ती फॉल्स सिलिंगपर्यंतच जाते. आतलं बोलणं छताच्या पोकळीतून सरळ बाहेरच्या बाकावर ऐकू येतं. वीटकामाची भिंत स्लॅबच्या तळापर्यंत हवी, एसीच्या डक्टची भोकं भरलेली हवीत, दाराला खालून-बाजूने रबरी सील हवं. निविदेच्या वेळी ही रक्कम किरकोळ असते. काम उरकल्यावर सिलिंग उतरवून करायचं तर तीच गोष्ट ‘जादा बाब’ म्हणून परत समितीपुढे येते.

अंदाजपत्रकात दरसूची कोणत्या वर्षाची आहे ते बघा. शासकीय बांधकामाच्या ठेक्यावर जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के आहे. जुना नमुना उचललेला असेल तर १२ टक्केच धरलेला सापडतो. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का वेगळा. फर्निचर, व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, सीसीटीव्ही आणि लिफ्ट ठेक्यात आहेत की पुढे दुसरी निविदा निघणार, हे लेखी घ्या. रॅम्प १:१२ पेक्षा चढा नको.

माती तर फार महत्त्वाची. कळवा, कोपरी, ऐरोली, वाशी या खाडीलगतच्या पट्ट्यात वर भराव आणि खाली मऊ चिकणमाती असते. बोअर मारून माती न तपासता साधे फूटिंग (उथळ पाया) धरून अंदाजपत्रक केलं, तर खोदाईनंतर पाइलची (खोलवर जाणाऱ्या खांबांच्या पायाची) गरज निघते आणि पायाचा खर्च कितीतरी पट होतो. माती परीक्षण अहवालाची तारीख तांत्रिक मान्यतेच्या (अभियंत्यांनी अंदाजपत्रकाला दिलेल्या मंजुरीच्या) आधीची असायला हवी. नंतरची असेल तर पाया अंदाजानेच धरलाय असं समजा.

निविदा_कक्ष_नवी_मुंबई

प्रक्रियेचं सांगतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ७३ खाली आयुक्त करार करतात, ठरावीक रकमेवरच्या कराराला स्थायी समितीची पूर्वमान्यता लागते. समिती १६ जणांची. क्रम असा: प्रशासकीय मान्यता, जागेचा ताबा, माती परीक्षण, नकाशे, तांत्रिक मान्यता, निविदा, समितीचा ठराव, स्वीकृती पत्र, सुरक्षा अनामत, करारनामा आणि मग कार्यादेश. मधली पायरी मागे ठेवून पुढची झाली असेल तर तारखांवरून लगेच कळतं.

पैसा कोणाचा, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा. मंडळ स्थापन करणं आणि त्याला जागा व कर्मचारी देणं ही राज्याची जबाबदारी आहे. महापालिका बांधणार असेल तर बहुतेक वेळा ते ठेव अंशदानाचं काम असतं, म्हणजे पैसे दुसऱ्या खात्याने आधी जमा करायचे आणि काम पालिकेने करायचं. रक्कम खरोखर जमा झालीय की फक्त पत्र आलंय? वाढीव खर्च कोण देणार? मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून पैसा येणार असेल तर केंद्र-राज्य वाटा ६०:४० असतो, दोन्ही हप्त्यांची स्थिती विचारा. पालिका स्वतःच्या निधीतून करणार असेल तर अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष दाखवा म्हणावं. जागा शासनाला द्यायची तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ बघावं लागतं, ते स्थायीत उरकत नाही, महासभेत जावं लागतं. नवी मुंबईत भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्याचा असेल तर वापराची अट तपासा.

सदस्य बऱ्याचदा ‘नकाशात बदल करून मान्यता’ असा ठराव सुचवतात. हेतू चांगला असतो, पण निविदा उघडल्यावर कामाचं मूळ स्वरूप बदलता येत नाही. बाकीच्या निविदाकारांनी जुन्या नकाशावर दर भरलेले असतात. खोल्यांची रचनाच चुकीची असेल तर प्रस्ताव कारणासह परत पाठवून फेरनिविदा घेणं हाच सरळ मार्ग. उशीर होतो, पण चौथरा आणि पिंजरा असलेली इमारत उभी राहिली तर मंडळाला तिथे बसताच येणार नाही.

आणि विषय उगाच तहकूब करत राहू नका. निविदेच्या वैधतेची मुदत निविदा सूचनेत दिलेली असते. ती संपली की ठेकेदाराकडून लेखी मुदतवाढ घ्यावी लागते, आणि तो नाही म्हणू शकतो.

प्रभाग_समन्वयक, ठाणे

फार मोलाची माहिती, सर्वांचे आभार. एक शंका आहे. नवं न बांधता प्रभाग कार्यालयाचा एखादा मजला दुरुस्त करून दिला तर चालेल का?

काळाकोट_कोर्टनाका

नियम ६ मधल्या जागा वर दिल्यात, प्रभाग कार्यालय त्यात येत नाही. शिवाय तिथे दिवसभर लोकांची वर्दळ, मग गोपनीयता कशी राखणार?

डीएसआर_आणि_मोजमाप_पुस्तिका

इमारत ३० वर्षांवरची असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ खाली संरचनात्मक तपासणीही आलीच.

टिपणात एक कागद आवर्जून मागा: मांडणीच्या नकाशावर मंडळाच्या प्रधान दंडाधिकाऱ्यांचा आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचा लेखी अभिप्राय, तांत्रिक मान्यतेच्या आधीच्या तारखेचा. तो गोषवाऱ्याला जोडलेला नसेल तर सभेच्या आधी सचिव कार्यालयात लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. सभेत तोंडी विचारलं तर ‘नंतर सादर करतो’ एवढंच उत्तर मिळतं.