अनुभव धागा: मुलांना घरीच शिकवायचं का ठरवलं? (बेळगाव, खानापूर, निपाणी आणि आसपास)

पोरींना शाळेत का घातलं नाहीस, हे मला आपल्या भागातल्या बऱ्याच आया विचारतात. प्रत्येकीला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहिते. ज्यांनी मुलांना घरी शिकवलंय, शिकवताहेत, किंवा काही वर्षं शिकवून पुन्हा शाळेत घातलंय, त्या सगळ्यांनी लिहा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर जरूर लिहा. विनंती एकच: कुठल्या शाळेचं, शिक्षकाचं नाव घालू नका. आपलं कारण सांगा.

शहापूर, दोन मुलींची आई

सुरुवात मीच करते. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, मी घरी शिवणकाम करते. थोरलीला चौथ्या वर्षी एल.के.जी.ला घातलं, इंग्रजी माध्यमात, कारण गल्लीतली सगळी पोरं तिकडंच जातात. बाई चांगल्या होत्या. कुणी मारलं नाही, ओरडलं नाही. पण घरात दिवसभर 'हे असं का, ते तसं का' करून भंडावून सोडणारी पोर दिवाळीपर्यंत गप्प झाली. वर्गात विचारायचं तर इंग्रजीत, आणि इंग्रजीत तिला येत होतं ते पाणी प्यायला जाऊ का, एवढंच. पाठ केलेली उत्तरं भरपूर, स्वतःचा प्रश्न एकही नाही. मला धास्ती वाटली ती याची.

तेव्हा ठरवलं, आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत तिला जे कळायचं ते मराठीत कळू दे. कन्नड, इंग्रजी मागाहून येतील, त्यांची मला चिंता नाही. मग मराठी शाळेत का नाही, असं लगेच विचारतात. जवळच्या मराठी शाळेत तिच्या वयाची मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, दोन-तीन इयत्ता एका खोलीत, आणि बाईंच्या डोक्यावर ऑनलाइन माहिती भरायचं काम. थोडं थांबून बघू म्हटलं, आणि थांबता थांबता घरीच जमत गेलं.

सासूबाईंकडं जुनी पितळी मापं आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तांदळाचं पोतं फोडलं की पोरगी तिथंच बसते. एकदा तिनं मापटं शिगोशीग भरलं, मग वरून हात फिरवून सपाट केलं, आणि खाली सांडलेले तांदूळ चिपट्यात घालून बघितले, कितीपर्यंत येतात ते. 'आई, शिगेचं मापटं घेतलं तर दुकानदाराचं नुकसान होतंय.' अर्ध्याचं अर्धं पाव असतं हे तिच्या हाताला आधी कळलं, पाव कसा लिहायचा ते पुष्कळ नंतर.

सकाळी दोन तास आम्ही बसून करतो, बाकीचं हिंडताफिरता. माझं शिवणकाम निम्म्यावर आलंय. तेवढे पैसे कमी येतात, आणि ते जाणवतं. हा विचार करणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

खानापूर तालुका, जांबोटीच्या आत, एका मुलाचे वडील

आमच्यात शाळा नाही असं नाही. आहे, पण पुढच्या गावात. मधे रान आणि नाला. जून ते सप्टेंबर कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस कसा लागतो ते शहरातल्यांना सांगून कळायचं नाही. नाला चढला की मोठी माणसंसुद्धा पलीकडं जात नाहीत. भीमगडचं अभयारण्य शेजारी, अस्वलं फिरतात. सहा वर्षांच्या पोराला त्या वाटेनं एकट्याला कसं सोडू? रोज सोडायला-आणायला जायचं तर शेत कुणी बघायचं? रोप लावणीचे दिवस तेच.

म्हणून दोन पाऊसकाळ त्याला घरीच ठेवला. मी बारावी शिकलोय, बायको दहावी. अक्षरं तिनं शिकवली, बाकीचं मी. अंगणात सरळ उभ्या कडांचा पत्र्याचा डबा ठेवला, रोज सकाळी आठला तो पट्टी घालून बघायचा आणि वहीत लिहायचा. डब्यात जेवढे मिलिमीटर पाणी उभं राहतं तेवढा पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे सांगितल्यावर त्यानं आमच्या छपराची लांबी-रुंदी मोजायला काढली. गुणाकार तिथं शिकला. आमच्याकडं पडलेला पाऊस मलप्रभेतनं सौंदत्तीच्या धरणात जातो, हे नकाशावर बोट फिरवून दाखवलं. तेव्हापासून धरण किती भरलं ती बातमी तो स्वतः विचारतो.

आता मोठा झालाय, चार पोरांबरोबर चालत शाळेत जातो. आमचं कारण वाट होती. शाळेवर राग नव्हता.

निपाणी, आजी (निवृत्त प्राथमिक शिक्षिका)

मुलगा आणि सून दोघं नोकरीला. नातू माझ्याजवळ. मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, तरी नातवाला पाचव्या वर्षी शाळेत घालू नका असं मीच सांगितलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम केलं ते आमच्या वेळच्या शिक्षिकांनी मनापासून वाचलेलं. मूल आधी हातानं करतं, मग बोलतं, मग वाचतं, लिहिणं सगळ्यात शेवटी. आता अडीच वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देतात आणि चार रेघांत अक्षर बसत नाही म्हणून त्याला रडवतात. बोटांच्या स्नायूंत तेवढं बळच नसतं हो अजून! नातवाला मी मटार सोलायला दिले, वाती वळायला दिल्या, कणकेचे साप करायला दिले. सहाव्या वर्षी पेन्सिल धरली ती बरोबर धरली.

कायदाही माझ्याच बाजूचा आहे. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, सहा ते चौदा वयाच्या मुलांचा. पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत. आमचा जुलैचा, म्हणजे त्याला जवळजवळ एक वर्ष जास्तीचं मिळालं. आयांनो, त्या वर्षाला वाया गेलं म्हणू नका.

बेळगाव कॅम्प

मिस्टर सैन्यात. बदल्या सतत. दर वेळी नवी शाळा, नवी पुस्तकं, नवी दुसरी भाषा. पहिली-दुसरीची दोन वर्षं घरी केली, तिसरीपासून केंद्रीय विद्यालय. एवढंच कारण. मुलगी मजेत आहे.

अनगोळ, मुलाची आई

आमचा मुलगा उशिरा बोलला. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत दोन-तीनच शब्द. नातेवाइकांनी ठरवून टाकलं, घरात मराठी, गल्लीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, म्हणून पोरगं गोंधळलंय. स्पीच थेरपिस्टनी स्पष्ट सांगितलं की दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मूल उशिरा बोलत नाही, घरची भाषा सोडू नका. हे मुद्दाम लिहिते, कारण याच भीतीनं आपल्याकडं कितीतरी आईबाप पोरांशी मोडक्या इंग्रजीत बोलू लागतात. ज्या भाषेत आईला गोष्ट सांगता येत नाही, त्या भाषेत मूल काय बोलणार?

त्याला घरी ठेवण्याचं कारण गोंगाट. वर्गात खूप मुलं, बाकं सरकवल्याचा आवाज, डबे आपटल्याचा आवाज. तो कानांवर हात ठेवून टेबलाखाली जायचा. एका शाळेनं सांगितलं, 'आधी याला बोलता येऊ दे, मग आणा.' दुसऱ्या शाळेनं घेतलं, पण दिवसभर एका कोपऱ्यात बसवलं. तिसरीकडं मी गेलेच नाही. घरी आम्ही एका वेळी एकच गोष्ट करतो. पोळी लाटताना पोळीवरच बोलायचं: पीठ, पाणी, गोल, गरम, फुगली. 'फुगली' हे त्यानं स्वतःहून म्हटलेलं पहिलं क्रियापद. आता सात वर्षांचा आहे आणि पूर्ण वाक्यं बोलतो. शाळेत जायला तो तयार झाला की घालीन. लोकांनी टोकलं म्हणून घालणार नाही.

सदाशिवनगर, वडील

घरी शिकवणाऱ्यांना हटकून विचारतात, कन्नडचं काय? २०१५ च्या कायद्यानं आपल्या राज्यात दहावीपर्यंत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून घ्यावीच लागते, त्यामुळं प्रश्न रास्त आहे. सीमाप्रश्नात आमच्या घरातल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्यात, १ नोव्हेंबरला आमच्याकडं काळा दिवस पाळतात. तरी माझी मुलगी माझ्याहून चांगलं कन्नड बोलते, याचा मला मनापासून आनंद आहे. पुस्तकानं नाही शिकली. खालच्या मजल्यावरच्या अज्जी दुपारी चिरमुरे देतात, त्यांच्याशी बोलून शिकली. भाजीवालीला 'एष्टु?' विचारते, आकडा ऐकते, पैसे मोजून देते. ती शाळेत असती तर ज्या वेळी कन्नडच्या तासाला फळ्यावरचं उतरवून घेतलं असतं, त्या वेळी ती अज्जींशी भांडत असते. माझ्या लेखी घरी शिकवण्याचं सगळ्यात मोठं कारण हे: भाषेची भीती आणि भाषेचा राग दोन्ही तिच्यापर्यंत पोचले नाहीत.

हुक्केरी तालुका, मराठी शाळेचा शिक्षक

सगळं वाचलं. तुमच्या मुलांबद्दल आनंद आहे, पण मला वाईटही वाटतंय, आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ताई, तुम्ही म्हणता जवळच्या शाळेत मुलं कमी. ती कमी का झाली? जे आईबाप सहज फी भरू शकतात ते कॉन्व्हेंटला गेले, ज्यांना शिक्षणाची कळकळ आहे ते घरी बसले. उरली ती ज्यांच्या घरी शिकवायला कुणी नाही ती मुलं. तुमच्यासारखी एक आई एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) बैठकीत बसली तर शाळेचं रूप बदलतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच साली सातव्या घटनादुरुस्तीनं ३५०अ कलम आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय राज्यानं करावी. पण सोय टिकते ती पटावर. पट घसरला की वर्गखोलीला कुलूप. एकदा गेलेली मराठी शाळा परत उघडलेली मी तरी पाहिली नाही.

आणि प्रत्येक मुलानं आपापल्या वेगानं शिकावं असं म्हणाल, तर आमच्या नलीकलीत ('आनंदानं शिका' या पद्धतीत) पहिली ते तिसरीची मुलं एकत्रच बसतात, प्रत्येकजण आपापली शिडी चढतो, कार्ड संपलं की पुढचं कार्ड. १९९५ मध्ये मैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी सुरू केलेली पद्धत आहे ही. दोन-तीन इयत्ता एका खोलीत, याला तुम्ही दोष मानता. शिक्षक मनापासून शिकवणारा असेल तर तीच त्या वर्गाची ताकद असते. माध्यान्ह आहाराला सगळी मुलं एका पंगतीत बसतात, कुणाचं आडनाव कुणी विचारत नाही. हे घरी कुठून आणणार?

मी विरोधासाठी विरोध करत नाही. अनगोळच्या ताईंनी केलं ते मीही केलं असतं.

नंदगड, आई

आमची दोन्ही मुलं तिसरीपर्यंत घरी होती, मग गावच्या शाळेत घातली. ज्यांना 'परत घेतील का' ही काळजी आहे त्यांच्यासाठी लिहिते. आरटीईच्या ४ थ्या कलमानं मूल कधीच शाळेत गेलेलं नसलं तरी वयानुसार वर्गात प्रवेश द्यावा लागतो आणि मागं पडलं असेल तर वेगळी शिकवणीही द्यावी लागते. आम्हाला एके ठिकाणी आधी टी.सी. आणा म्हणाले. जी मुलं शाळेत गेलीच नाहीत त्यांची टी.सी. कुठून आणायची? कायद्याची प्रत दाखवली, जन्माचा दाखला दिला, झालं काम. १० व्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय हे खरं, पण त्या कायद्यात पालकाला शिक्षा नाही. शाळाबाह्य मुलांची यादी करायला शिक्षक घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, बसवा, चहा द्या, मुलांच्या वह्या दाखवा. त्यांनाही वर कागद पाठवायचा असतो.

शाळेत घालायचं कारण मुलंच. थोरल्याला कबड्डी खेळायची होती, आणि कबड्डीला सात लागतात.

संकेश्वर, मोठ्या मुलीचे वडील

पुढं दहावीचं काय, असं कुणी विचारायच्या आत सांगतो. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा. चौदा पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी. मराठी माध्यम आहे. आमच्या मुलीनं तसं केलं आणि आता पी.यू.सी. (अकरावी-बारावी) करतेय. कॉलेजच्या प्रवेशाला मात्र थोड्या जास्त चकरा माराव्या लागल्या, वेळ हाताशी ठेवा.

शहापूर, धागा काढणारी

गुरुजी, तुमचं लिहिणं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, 'बरोबर हाय की त्यांचं.' मला सगळं मान्य नाही. माझ्या पोरीचं पाचवं-सहावं वर्ष मी शाळेचा पट टिकवण्यासाठी देऊ शकले नसते, आजही देणार नाही. त्या वयात तिला तिचे प्रश्न परत मिळणं जास्त गरजेचं होतं. पण आता ती नऊची होतेय, आणि कुणी गप्प केलं तरी गप्प बसायची नाही. एसडीएमसीचं तुम्ही लिहिलंत ते मात्र मनात राहिलं. जूनमध्ये तिला जवळच्याच मराठी शाळेत चौथीला घालायचं आमचं जवळपास ठरलंय, आणि शनिवारी पितळी मापं घेऊन लहान मुलांच्या वर्गावर येऊ का, असं मी तिथल्या बाईंना विचारलंय. त्या हो म्हणाल्या आहेत. धाकटी पाचची आहे, ती अजून घरीच.

बिदर-भालकीकडचं, हल्याळ-जोयड्याकडचं कुणी वाचत असेल तर तुमच्याकडं कसं आहे तेही लिहा.