घरात लिनक्सचं काय काम म्हणे!

टर्मिनलराव: "लिनक्स सर्व्हर रूममध्येच शोभतं, घरात त्याचा उपयोग शून्य" असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. अहो, विंडोजसारखीच ती यंत्र चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम! अँड्रॉइड फोन, वायफाय राउटर, किंडल, टीव्हीतलं वेबओएस, यांच्या आत लिनक्सच असतं; हे सगळं काय गच्चीवर ठेवता? 2021 मध्ये मंगळावर उडालेलं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरही लिनक्सवरच चालायचं.

साधाग्राहक: काल लिहिणारा मीच. मंगळावर माझं घर नाही. आणि टीव्हीत कंपनीने काय भरलं त्याचं श्रेय तुम्ही का घेताय? माणसाने स्वतः बसवून काम काढलं असेल तर बोला.

टर्मिनलराव: घ्या. एचपीचा जुना लेझरजेट 1020. दणकट प्रिंटर, पण फक्त यूएसबी, वायफाय नाही. रास्पबेरी पायला (लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर, थोडक्यात 'पाय') जोडा, कप्स हे प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर टाका, ब्राउझरमध्ये पायच्या 631 पोर्टवर जाऊन प्रिंटर शेअर करा, राउटरमध्ये पायचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करा. अवाही, म्हणजे नेटवर्कवर प्रिंटर आहे हे इतरांना कळवणारी सेवा, चालू असेल तर मोबाईलवरूनही प्रिंट निघते. मेख एकच: बंद केला की हा प्रिंटर फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारं सॉफ्टवेअर, विसरतो. दर वेळी चालू केल्यावर ते पुन्हा पाठवावं लागतं, नाहीतर जॉब गेलेला दिसतो आणि कागद हलत नाही. फू-टू-झेडजेएस हा ड्रायव्हर टाकून फर्मवेअरची फाइल वेगळी उतरवा; पुढे यूडेव्ह, म्हणजे जोडलेली उपकरणं ओळखणारा लिनक्सचा भाग, ती आपोआप पाठवतो.

साधाग्राहक: म्हणजे एका पानासाठी आईला यूडेव्ह शिकवायचं. छान!

डीटीपीकाका: आधी आमच्या जुन्या मराठी फाइली नीट उघडून दाखवा. सगळा रोमन कचरा दिसतो.

टर्मिनलराव: काका, त्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत, नाहीत; जुन्या खास फॉन्टमध्ये आहेत. विंडोजवरून तो फॉन्ट काढा, तिथेही कचराच दिसेल. वेगळा धागा काढा.

बत्तीगुल: प्रिंटर राहू द्या, वीज गेली की पायच्या एसडी कार्डाचं काय? सगळी सिस्टीम त्यावरच असते. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टीम बिघडते. पायला मोबाईलचा चार्जर लावू नका. रास्पबेरी पाय 4 ला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर लागतो. 4.63 व्होल्टच्या खाली गेलं की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं. सगळं जुळलं की रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगमधून ओव्हरले चालू करा, म्हणजे बदल तात्पुरते मेमरीत राहतात, कार्डावर लिहिलंच जात नाही. अपडेट करताना मात्र ते बंद करा, नाहीतर रीबूटनंतर अपडेट गायब.

टर्मिनलराव: एवढा उपद्व्याप कशाला? इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, वीज गेली की तो पटकन बॅटरीवर जातो, पाय बंद पडत नाही.

बत्तीगुल: शहरी सल्ला! आमच्याकडे संध्याकाळी 170 व्होल्ट येतात. यूपीएस मोडवर इन्व्हर्टर एवढा कमी दाब घेतच नाही, बॅटरीवरच पडून राहतो. मग खरी वीज जाते तेव्हा बॅटरी रिकामी.

टर्मिनलराव: मग स्टॅबिलायझर लावा!

साधाग्राहक: प्रिंटरचं मान्य, नाइलाजाने. पाय, अडॅप्टर, आता स्टॅबिलायझर. एवढ्यात नवा वायफाय प्रिंटर बघितला असता.

बत्तीगुल: त्याला टोनर कितीला पडतो तेही बघा. आणि टर्मिनलराव, स्टॅबिलायझर इन्व्हर्टरच्या आधी लावायचा, नंतर नाही. तेवढं तरी नीट लिहा.